तिसऱ्या हाकेपर्यंत

त्रिवेणी मावशींनी जंगल पाहिलं ते फायलींमध्ये. वनखात्याच्या कार्यालयात त्यांनी टायपिस्ट म्हणून एकतीस वर्षं काढली, पण टायपिस्टला दौऱ्यावर कोण नेतो? साहेब लोक जंगलात जायचे आणि परत आल्यावर काय पाहिलं ते मावशी चार प्रतींत टाइप करायच्या. झाडांची शास्त्रीय नावं त्यांना आजही स्पेलिंगसकट पाठ आहेत. समोर सागाचं झाड उभं केलं तर मात्र त्या शेजारणीला विचारतील, "हे कसलं गं?" आणि ही बाई दरवर्षी आमच्या चिक्कडपल्लीतल्या मुलांना जंगलात हरवलं तर काय करायचं ते शिकवते, यावरून मी चारचौघांत त्यांची भरपूर टिंगल केलेली आहे. ते आधीच कबूल करून टाकतो.

मी अविनाश. मावशी ज्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात, तिथंच तिसऱ्या मजल्यावर मी, माझी बायको शर्वरी आणि आठ वर्षांची मुलगी तन्वी. नोकरी कुकटपल्लीला, म्हणजे दिवसाचे तीन तास रस्त्यावर आणि उरलेल्या वेळात चिडचिड. शर्वरी म्हणते, मला कुणाचंही बोलणं शेवटपर्यंत ऐकायची सवय नाही. तिचं हे वाक्यही मी बहुतेक वेळा अर्ध्यातच तोडतो.

आमच्याकडची वीस-बावीस मराठी घरं कार्तिकात आवळीभोजनाला जंगलात जातात. तेलुगू शेजारी वनभोजनाला निघतात, मग आपण मागे का राहायचं? बस ठरवायची, विकाराबादच्या पुढं कुठंतरी आवळ्याचं झाड गाठायचं, त्याची पूजा करायची आणि त्याखाली बसून पुरणपोळीपासून बगारा खान्याच्या मसालेभातापर्यंत सगळं हादडायचं. या सहलीच्या आधीचे चार रविवार मावशींचा वर्ग आमच्या गच्चीवर भरतो.

वर्ग सुरू का झाला, ते त्यांनी शर्वरीला एकदा सांगितलं होतं. जंगलात हरवलेल्या माणसांचे अहवालही त्यांच्याच टेबलावर यायचे. लाकडं आणायला गेलेली बाई, यात्रेहून वाट चुकलेला म्हातारा, गुरांमागं गेलेली पोरं. कोण कुठं सापडलं, किती वेळानं, कशा अवस्थेत. एका पोराच्या फाइलचा शेवटचा कागद त्यांनी टाइप केलाच नाही. आयुष्यात त्या एकदाच साहेबांना म्हणाल्या, हे दुसऱ्या कुणाला तरी द्या. त्या कागदात काय होतं, हे शर्वरीनं विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

त्यामुळे मावशींची काळजी ही काही साधी काळजी नव्हे. दूधवाल्याला पाच मिनिटं उशीर झाला तर त्या जिन्यात येऊन उभ्या राहतात. मुलं गच्चीवर असली की दर दहा मिनिटांनी मोजतात आणि आकडा बरोबर आला तरी खात्रीसाठी पुन्हा मोजतात. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण त्यांच्यावरूनच निघाली असावी असं मी म्हणायचो.

पण शिकवायच्या छान. "वाट चुकली असं वाटलं की आधी काय करायचं?"

"बसायचं!" अकरा पोरं ओरडायची.

"शोधायला कुणाला जायचं?"

"कुण्णालाच नाही!"

"चालणारं पोर शोधणाऱ्यापासून लांब लांब जातं. बसलेलं सापडतं. मी टाइप केलंय," असं म्हणून त्या बोटं हवेत नाचवायच्या. झाडाला पाठ लावून बसा. खाली वाळकी पानं पसरा, ओल्या जमिनीवर बसू नका. पाणी असेल तर घोट घोट. शिट्टी असली तर तीनदा वाजवा, थांबा, परत तीनदा. मुलांना त्यांनी स्वतःच्या पैशानं लाल प्लॅस्टिकच्या शिट्ट्या आणून दिल्या होत्या.

"मावशी, अगर बेअर आला तर?" तन्वीनं एकदा विचारलं.

"अस्वल तुला शोधायला आलेलं नसतं बाळा. त्याला त्याची कामं असतात. तू गप्प बस, ते जाईल."

शेवटच्या रविवारी त्यांनी आणखी एक गोष्ट घातली. त्यांच्या आईनं बिदरला त्यांना लहानपणी सांगितलेली. दिवस मावळताना बाहेरून नावानं एकच हाक आली, तर ओ द्यायची नाही. चकवा एकदाच बोलावतो आणि त्याला ओ दिली की रानात फिरवत नेतो. मावशींचा चकव्यावर विश्वास नव्हता. भीती होती ती पोरं पळवणाऱ्या माणसांची. नाव ऐकून कुणी भलत्यानंच हाक मारली तर? म्हणून त्या म्हणाल्या, "एकाच आवाजात तीन हाका येईपर्यंत ओ द्यायची नाही. आपलं माणूस एकदा हाक मारून गप्प बसत नाही. तीनदा मारतंच."

चकवा म्हटल्यावर मुलांचे डोळे चमकले. बाकी सगळं विसरतील, पण हे विसरणार नाहीत, हे तेव्हाच दिसत होतं. मी पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसून ऑफिसच्या मेल्सना उत्तरं देत होतो. ऐकलं, हसलो. माझी आईसुद्धा हेच सांगायची.

सहलीच्या दिवशी बस नारायणगुडा ओलांडते न ओलांडते तोच अकरा शिट्ट्या एकदम सुरू झाल्या. अर्धा तास सहन केलं. शेवटी माझं डोकं फिरलं. उठलो आणि एकेका पोराच्या गळ्यातून शिट्टी काढून घेतली. तन्वीची सर्वांत आधी काढली, म्हणजे भेदभाव नको. सगळ्या पँटच्या खिशात कोंबल्या. मावशी पुढच्या सीटवरून वळून म्हणाल्या, "अविनाश, उतरल्यावर आठवणीनं परत दे हं." "हो हो," मी म्हणालो. उतरल्यावर सतरंज्या, पातेली, पाण्याचे कॅन. कोण आठवण ठेवतो?

जेवणं दोनला आटोपली. बायका आवळ्याखाली पान जुळवत होत्या, पुरुष आडवे झाले होते, मुलं लपाछपी खेळत होती. अडीचच्या सुमाराला मावशी सतरंजीवरून उठल्या आणि बोट दाखवत मोजू लागल्या. मी डोळे मिटून म्हणालो, "मावशी, आत्ताच मोजलीत ना?"

"दहाच आहेत," त्या म्हणाल्या.

"परत मोजा."

त्यांनी परत मोजली. मग त्यांचा आवाज बदलला. "अविनाश, तन्वी नाही रे."

आम्ही उठून आधी बसमध्ये पाहिलं, बसखाली पाहिलं, ओढ्याकडं धावलो. मग सगळ्यांनी मिळून ओरडायला सुरुवात केली. वीस माणसं वीस बाजूंना "तन्वी, तन्वी" करत होती आणि त्या गोंगाटात एखाद्यानं ओ दिली असती तरी कुणाला कळलं नसतं. एका मुलीनं सांगितलं, तन्वी मोराच्या मागं गेली, त्या उताराकडं. त्या उतारावर सगळीकडं सारखीच झाडं होती, सारख्याच वाळक्या पाचोळ्याच्या वाटा होत्या. शर्वरी अनवाणीच धावत होती आणि तिला त्याचं भान नव्हतं.

चार वाजत आले तेव्हा बसच्या ड्रायव्हरनं जंगलखात्याच्या नाक्यावरून यादगिरी नावाच्या गार्डला गाडीवर बसवून आणलं. पन्नाशीचा, शांत माणूस. त्यानं आधी आम्हाला गप्प केलं.

"साब, ऐसा नक्को. सब मिलके चिल्लाए तो बच्ची का आवाज किसकू सुनाई देगा? लाइन बनाव. एक आदमी एक आवाज देना, रुकना, सुनना. फिर बाजूवाला देना. फिर दस कदम सब आगे." मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पापा के पास सीटी-वीटी कुछ है क्या?" पापा म्हणजे इकडं लहान मुलगी.

मी खिशात हात घातला. बोटांना त्या अकरा शिट्ट्या लागल्या. मी म्हणालो, "नाही." एवढंच तोंडातून निघालं.

यादगिरीनं आणखी एक सांगितलं. उताराच्या टोकाला दगडाची जुनी खाण आहे. यंदा पाऊस फार झालाय, ती काठोकाठ भरलीय. आधी रान बघू, तिथं नाही मिळाली तर खाणीकडं. "उधर गई नई हुंगी," तो म्हणाला. पण हे म्हणताना त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही.

आम्ही चौदा जण ओळीनं निघालो. माझी पाळी आली की मी "तन्वीऽ" म्हणून ओरडायचो. थांबायचं, ऐकायचं, असं गार्डनं बजावलं होतं, पण थांबवत कुठं होतं? ती शांतता मला सोसत नव्हती. तिच्यात मला फक्त पाणी ऐकू यायचं. हाक मारली की माझे पाय पुढं निघायचे, मग शेजारच्याची हाक, मग त्याच्या शेजारच्याची. पाचोळा आमच्याच पायांखाली वाजत होता. कुठं वारूळ दिसलं, कुठं रानडुकरांनी उकरलेली माती. त्या मातीत चपलेचा ठसा आहे का म्हणून मी गुडघ्यावर बसून पाहिलं. नव्हता. उतार संपेपर्यंत गेलो आणि तन्वी मिळाली नाही.

परत आवळ्यापाशी आलो तेव्हा पाच वाजून गेले होते. कार्तिकातला सूर्य तो, अर्ध्या तासात जाणार होता. यादगिरी फोनवर कुणाला तरी दोर घेऊन यायला सांगत होता. दोर कशाला, हे शर्वरीला कळलं आणि ती मटकन खाली बसली.

मावशींनी उरलेल्या दहा पोरांना रिंगणात बसवलं होतं आणि स्वतः मधोमध उभ्या होत्या. अडीच तास. आम्हाला पाहून त्या पुढं आल्या. चेहरा पांढराफटक पडलेला.

"तुम्ही सगळे एकेकदाच हाक मारत होतात," त्या म्हणाल्या. "इथवर ऐकू येत होतं. एक आवाज, मग दुसरा, मग तिसरा. अविनाश, ती ऐकत असेल रे. ऐकून गप्प बसली असेल. तीन हाकांचं मी शिकवलंय तिला."

मला कळायला क्षणभर लागलं आणि कळलं तेव्हा माझा तोल गेला. सत्तरीच्या बाईशी कुणी बोलू नये असं मी त्यांना बोललो. आवळ्याच्या पुढं जंगलात कधी पाऊल टाकलं नाही आणि पोरांना अक्कल शिकवता, म्हणालो. तुमच्या भुताखेतांपायी माझी पोरगी गेली, म्हणालो. त्या चूक आपलीच आहे अशी मान हलवत राहिल्या आणि त्यानं मी आणखी चिडलो. शेवटी काय झालं कोण जाणे, मी खिशातून मूठभर शिट्ट्या काढल्या आणि त्यांच्यासमोर धरल्या.

"आणि ह्या माझ्याकडे होत्या," मी म्हणालो. "तिच्याकडे नव्हत्या. माझ्याकडे."

सगळे पाहत होते. शर्वरीनंही पाहिलं. त्या नजरेबद्दल मी काही लिहिणार नाही.

मावशींनी मात्र शिट्ट्यांकडं ढुंकूनही पाहिलं नाही. "ते नंतर," त्या म्हणाल्या. "उजेड आहे तोवर मला त्या वाटेनं ने. बाकी कुणी यायचं नाही. गार्डसाहेब, तुम्ही आणि हा."

दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधलेली ती बाई उतार उतरू लागली. मी त्यांचा दंड धरला होता. तीस-चाळीस पावलांवर त्या थांबल्या आणि हाक मारली. "तन्वीऽ." मग तोच आवाज, तेवढाच. "तन्वीऽ." परत एकदा. "तन्वीऽ." एकतीस वर्षं खाली मान घालून टाइप केलेल्या बाईचा आवाज, फार लांब जाणारा नव्हता. तिसरी हाक मारली की त्या माझं मनगट घट्ट धरायच्या आणि मनात साठपर्यंत मोजायच्या. ओठ हलताना दिसायचे. त्या साठ आकड्यांमध्ये मी श्वाससुद्धा घेत नव्हतो.

पहिल्या जागी काही नाही. दुसऱ्या जागी काही नाही. चौथ्या जागी एक पाखरू फडफडलं आणि माझ्या तोंडून शब्द निघणार एवढ्यात मावशींनी मनगटात नखं रुतवली. उजेड पिवळा झाला होता, झाडांची खोडं तेवढी दिसत होती. यादगिरीनं टॉर्च पेटवली.

सहाव्या जागी, तिसऱ्या हाकेनंतर, उजवीकडच्या वारुळामागून आवाज आला. "ओ."

एवढासा, घसा बसलेला. मी धावलो. तन्वी झाडाला पाठ लावून बसली होती, खाली वाळक्या पानांची रास. गळ्यात अडकवलेल्या बाटलीत अजून दोन घोट पाणी शिल्लक होतं. सगळं शिकवल्यासारखं. मी तिला उचललं तेव्हा माझ्या लक्षात आलं की या वारुळापासून पंधरा-वीस पावलांवर तासाभरापूर्वी मीच उभा होतो.

"तुला ऐकू आलं नाही का गं आमचं?" मी रडत विचारलं.

"आलं ना," ती म्हणाली. "आधी नुसता कल्ला होता, कोण ते कळलंच नाही. मग तुझा पण आवाज आला बाबा. पण तू एकदाच हाक मारलीस आणि गेलास. मला वाटलं, तो तू नाहीयेस. मी तोंडावर हात धरून बसले."

परतीच्या बसमध्ये तन्वी शर्वरीच्या मांडीवर झोपली. मावशी पुढच्या सीटवर एकट्या बसल्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. माझ्या मनात त्यांच्याबद्दलचा राग अजून होता, हे खोटं कशाला सांगू? पण शेजारी जाऊन बसलो. त्या म्हणाल्या, "तुम्ही खाणीकडं गेला असतात ना, तर पुढचं कोण टाइप करणार हेच माझ्या डोक्यात फिरत होतं."

मला वाटलं, आता वर्ग बंद. पण पुढच्याच रविवारी सकाळी त्यांनी दारोदार जाऊन सगळ्यांना गच्चीवर बोलावलं, आईबापांसकट. मुलांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "सहलीच्या आधी मी तुम्हाला एक गोष्ट चुकीची शिकवली. चकवा नसतो. हरवलात आणि तुमच्या नावानं हाक आली, की पहिल्या हाकेलाच ओ द्यायची. चूक मावशीची होती, तन्वीची नव्हती. कळलं?" मुलांनी माना हलवल्या. एकानं विचारलं, बोलावणारा खराब माणूस असेल तर? मावशी म्हणाल्या, "जंगलात एकट्यानं रात्र काढण्यापेक्षा तरी ओ दिलेली बरी." त्यांचं स्वतःचंही त्यानं पुरतं समाधान झालेलं नव्हतं, ते दिसलं.

"आता मोठ्यांचा वर्ग," त्या म्हणाल्या.

मुलांना त्यांनी पाण्याच्या टाकीमागं नेऊन बसवलं आणि आम्हाला गच्चीच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं. एकेकानं आपल्या पोराला एकदा हाक मारायची आणि साठ आकडे गप्प उभं राहून ऐकायचं. पोरांनी ओ द्यायची, पण तीन तास रानात बसलेल्या पोराचा निघेल तेवढ्याच आवाजात. ऐकू आलं की हात वर करायचा. आम्ही हसलो. गच्चीवर हे काय अवघड?

एकालाही जमलं नाही. कुणी खोकलं, कुणाचा फोन वाजला, कुणी बायकोला "तुला आलं का ऐकू?" म्हणून विचारलं. माझी पाळी आली. मी "तन्वीऽ" म्हणून हाक मारली आणि मोजायला लागलो. खाली भाजीवाल्याचा भोंगा, चौकातले हॉर्न, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. दहा झाले. टाकीमागं कठडा बुटका आहे, हे मला आठवलं. पंधरा. ती तिथं आहे, शर्वरीनं तिला तिथं बसताना पाहिलंय, हे सगळं मला माहीत होतं. वीस झाले. बाविसाव्या आकड्याला मी परत हाक मारली, चोविसाव्याला आणखी एकदा आणि मग सरळ टाकीकडं धावत सुटलो.

तन्वी टाकीला पाठ लावून बसली होती, चिडलेली.

"काय रे बाबा!" ती म्हणाली. "मी पहिल्या हाकेलाच ओ दिली होती."

मावशींनी माझा दंड धरला आणि मला परत त्या टोकाला नेऊन उभं केलं.